डबी म्हणाली, शांत

आमच्या सुनेला बिल्डिंगमध्ये सगळे टेस्टरबाई म्हणतात. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा, रुमाल, फार तर गोळ्यांची पट्टी सापडते. हिच्या पर्समध्ये टेस्टर, काळी चिकटपट्टी आणि चार सेल. लग्न होऊन घरात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने माझ्या कपडे धुवायच्या मशीनला टेस्टर टेकवला आणि टेस्टरातला दिवा लागला.

"आई, याला हात लावल्यावर तुम्हाला काही होत नाही?"

"होतं की. झिणझिण्या येतात. पाच वर्षं येताहेत. मला वाटलं वय झालं."

तिने कपाळाला हात लावला, मशीन भिंतीपासून ओढलं, मागची सुटलेली तार जोडली आणि एका दुपारीत माझं वय पाच वर्षांनी कमी केलं. तेव्हापासून मी तिच्या बाजूची. माझा मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरी आला की म्हणतो, "आई, नक्की कोणाची गं तू?" मी म्हणते, "ज्याला तार जोडता येते त्याची."

तिचे वडील जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. ही शाळेतून आली की त्यांच्याशेजारी बसून वेढे मोजायची. एक वेढा चुकला तर अख्खं सोडून पुन्हा गुंडाळायचं, अशी त्यांची शिस्त. डिप्लोमा झाला आणि तिला विद्यापीठातल्या एका मॅडमच्या हाताखाली काम मिळालं. काम काय, तर वस्तूंना बोलतं करायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, घरात माणसंच इतकी बोलतात, त्यात आणखी वस्तू कशाला? पण ती सांगत गेली तसं कळत गेलं. म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलं दूर. छताजवळ एक पांढरी डबी लावायची. तिला डोळा नाही, कॅमेरा नाही, माणूस घरात हलला एवढंच तिला कळतं. दिवसा सहा तास कोणी हललंच नाही तर तिने ओरडायचं, आणि ते ओरडणं सुनेच्या फोनवर, मॅडमच्या पडद्यावर आणि मुलांपर्यंत पोचायचं. अशी एक्केचाळीस घरं होती. पहिली डबी आमच्याच पॅसेजमध्ये लागली, आणि दुसरी खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडे.

डबी लावणं ही दहा मिनिटांची गोष्ट. खरा खेळ पुढे. डबी एका कंपनीची, दार उघडलं-मिटलं कळवणारी पट्टी दुसऱ्या कंपनीची, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, जावा-जावांसारख्या तोंड फिरवून बसतात. मग मध्ये तिसरी पेटी लावायची, तिला सून दुभाष्या म्हणते. दुभाष्याही कंपनीचाच, त्याला लांबून कधी काय हुकूम येईल सांगता येत नाही. एका घरी भर दुपारी दिवे आपोआप लागायला-विझायला लागले. बाहेरच्या कोणी तरी उपटसुंभाने आत शिरून खेळ मांडला होता, कारण कारखान्यातून सगळ्या पेट्या एकाच परवलीच्या शब्दासह आल्या होत्या. एक्केचाळीस घरांना एकच कुलूप! सुनेने आठवडाभर घरोघरी जाऊन कुलपं बदलली. एका आजींच्या मुलाने परगावाहून फोन करून विचारलं, "आई, पहाटे चार वेळा बाथरूमला का गेलीस?" आजींनी दुसऱ्या दिवशी डबीवर परकर टाकला. सून काढायला गेली तर म्हणाल्या, "मी त्याला जन्म दिलाय, माझे हिशेब त्याने ठेवायचे नाहीत." ते ऐकून सून परत आली आणि मॅडमशी दोन तास बोलली, की मुलांना फक्त बरं-वाईट कळू दे, बाकीचं नको.

मॅडम एकदा आमच्याकडे चहाला आल्या होत्या. पायात साधी चप्पल, बोलायला गोड. मी विचारलं, "एवढी शिकलेली माणसं तुम्ही, एक डबी धड चालेना?" त्या हसल्या. "आजी, टेबलावर कोणाचीही चालते. परक्याच्या घरात, धुळीत, कोणी बघत नसताना दहा वर्षं चालली पाहिजे. ते अजून जगात कोणाला नीट जमलेलं नाही. म्हणूनच तर पगार मिळतो."

सगळ्यात मोठं दुखणं सेलचं. डबी दर दहा मिनिटांनी "मी आहे, मी आहे" अशी हजेरी द्यायची आणि अडीच महिन्यांत सेल संपवायची. एक्केचाळीस घरी शिडी घेऊन फिरून सुनेच्या नाकी नऊ आलेले. त्यात मध्येच एखादी हजेरी चुकली की पडद्यावर "माहिती नाही" असं यायचं आणि मुलांचे फोन सुरू. "माहिती नाही म्हणजे काय? माझी आई आहे की नाही?"

एक दिवस मी मटार सोलत होते. ती समोर पाय लांब करून बसली, गुडघ्याला तेल चोळत.

मी म्हटलं, "दर दहा मिनिटांनी हजर-हजर ओरडल्यावर घसा बसणारच की. काही झालं तरच ओरड म्हणावं. एरवी गप्प."

ती तेल चोळायची थांबली. "आई, तसं करता येतं."

"मग कर."

"आणि गप्प असेल तेव्हा पडद्यावर काय लिहू? माहिती नाही लिहिलं की लोक घाबरतात."

"शांत लिही," मी म्हटलं. "शांत. वाचणाऱ्यालाही बरं वाटतं."

ती उठून मला बिलगली. तेलकट हातांनीच. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूचा सल्ला विद्यापीठात चालला, म्हणून मी दोन दिवस हवेत होते. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनाही सांगून आले.

आणि चाललंही. हजेरी बंद, सेल वर्ष-दीड वर्ष पुरतील असा हिशेब निघाला. फोन थांबले. मॅडमनी सभेत तिचं नाव घेतलं. नगरपालिकेची माणसं आली, बघून गेली, आणि म्हणाली, हे आपण चार हजार घरांत लावू.

आता शिंपीकाकांबद्दल सांगते. वय शहात्तर, बायको जाऊन नऊ वर्षं. लेक दुसऱ्या शहरात, तिचा जीव वडिलांसाठी टांगणीला लागलेला. ती म्हणे, इकडे या. हे म्हणत, "तुझ्याकडे मशीन ठेवायला जागा कुठाय?" खोली एकच, तीत पलंग, शिवणयंत्र, कापायचं टेबल. काकांची नजर अजून अशी, की मी जिना उतरत असले की ते म्हणायचे, "वहिनी, डाव्या बाहीची शिवण उसवलीय." मी बघायची तर खरंच उसवलेली. सकाळी नऊला त्यांच्या मशीनचा आवाज सुरू व्हायचा, तो मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

त्या मंगळवारी आला नाही.

संध्याकाळी सहाला सून कामावरून आली. मी म्हटलं, "अगं, काकांच्या मशीनचा आज आवाज नाही."

तिने चपला काढता काढता फोन पाहिला. "शांत आहेत, आई."

"मग ठीक," मी म्हटलं, आणि चहा टाकला.

तीस पायऱ्या उतरायच्या होत्या. मी माझा कान सोडला आणि तिच्या फोनवर विश्वास ठेवला, तिने फोनवर ठेवला, आणि फोनवरचा शब्द माझाच.

बुधवारी दुपारी मी पिशवीची चेन दुरुस्त करायला घेऊन खाली गेले. दार नुसतं लोटलेलं. काका टेबल आणि मशीनच्या मध्ये पडलेले. मंगळवारी सकाळी वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडले होते. खुबा मोडला होता, ओठ सुकून पांढरे झाले होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, हाका मारल्या हो." दिवसभर समोरच्या बांधकामावर यंत्र चालू असतं. कोणाला ऐकू जाणार?

हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण इतके तास पाण्याविना पडून राहिल्याने मूत्रपिंडाला झळ बसली आहे. आदल्या दिवशी आणलं असतं तर हे टळलं असतं. सून भिंतीला टेकून उभी होती. तिने टेस्टर पर्समधून काढला, परत ठेवला, पुन्हा काढला.

काकांची लेक रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचली. खोलीत गेली आणि तिने पाहिलं की डबीच्या वरच्या खिळ्याला हँगरवर गिऱ्हाइकाचा कोट टांगलेला आहे, आणि कोटाच्या खांद्याने डबी पूर्ण झाकली आहे. झालं. सगळ्यांना कारण सापडलं. लेक वडिलांना म्हणाली, "बाबा, जीव वाचवायला लावलेल्या डबीवर तुम्ही कोट टांगलात! आता एकटं राहणं बंद. तुम्हाला आठवत नाही, कळत नाही." तिच्या शहरातल्या वृद्धांच्या घराचा फॉर्म तिने मागवला. त्यात एक ओळ होती, विसरभोळेपणा आहे का? तिने "आहे" लिहिलं. काका एवढंच म्हणाले, "मीच टांगला असेल." ज्या माणसाने पन्नास वर्षांत कोणाच्या बाहीचं माप चुकवलं नाही, तो पलंगावर पडून स्वतःवर संशय घ्यायला लागला.

इकडे नगरपालिकेला अहवाल द्यायचा होता. आठ दिवसांत. त्यात "कारण" असा एक रकाना, आणि तो सुनेने भरायचा, कारण घरोघरी जाणारी ती. मॅडमनी फोनवर सांगितलं, "वापरणाऱ्याने डबी झाकली, एवढंच लिही. झाकली होती ना? मग खोटं काही नाही."

सून तीन दिवस रकाना कोरा ठेवून बसली. जेवायची, पण ताटात काय आहे ते बघायची नाही. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अगं, कोट तर होताच ना टांगलेला? लिहून टाक. तुझी नोकरी, हा गाडीवर, घर चालायचंय." हे मी म्हटलं, लपवत नाही. मला तिची काळजी होती, आणि माझ्या शब्दाचीही लाज होती. कोटावर खापर फुटलं असतं तर ती लाज झाकली गेली असती.

ती म्हणाली, "आई, तुमचा टॉवेल द्या."

पॅसेजमधल्या आमच्या डबीवर तिने टॉवेल टाकला, नीट टाचण्या लावून. सकाळचे आठ वाजले होते. "आता बसा," म्हणाली. तिने सुट्टी टाकली होती. आम्ही दोघी घरभर फिरलो, भांडी घासली, कपाट आवरलं. डबीला काहीच दिसत नव्हतं. दुपारी दोनला तिचा फोन असा किंचाळला की माझ्या हातातलं ताट पडलं.

"कळलं?" ती म्हणाली. "झाकलेल्या डबीला कोणी हललेलं दिसत नाही. म्हणजे ती ओरडते. कोटाने झाकली होती, तर मंगळवारी दुपारीच ओरडायला हवी होती. तो कोट आड आलाच नाही, उलट कोटाने तर ओरडायला मदतच केली असती!"

"मग ओरडली का नाही?"

"ओरडली असेल. ऐकायला कोणी नव्हतं. सोमवारी पहाटे कंपनीने दुभाष्याला नवा हुकूम पाठवला. त्यानंतर पाच घरांत डबीची आणि दुभाष्याची ओळखच तुटली. काकांचं त्यातलं एक. हजेरी चालू असती तर दहा मिनिटांत मला कळलं असतं."

मग तिने टॉवेल काढला आणि फोन माझ्यापुढे धरला. शांत. दुभाष्याची पिन भिंतीतून उपटली. शांत. डबी उघडून सेल काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. डबीत आता काहीच नव्हतं, नुसतं प्लास्टिक. पडद्यावर शांत.

आपल्यात माणूस गेला की काय म्हणतात? म्हातारी पहाटे शांत झाली. झोपलेल्या बाळाला तोच शब्द, आणि गेलेल्या माणसालाही तोच. ऐंशीला टेकले, किती जणांच्या दारात तो शब्द ऐकला, आणि मटार सोलताना मला तेवढंच आठवू नये?

"माझंच चुकलं," मी म्हटलं.

"तुमचं नाही. तुम्ही बोललात, लावलं मी." ती चिडली होती, पण माझ्यावर नाही. "बाबा म्हणायचे, एक वेढा चुकला तर सगळं सोडायचं. मी एक वेढा चुकवला आणि वरून लाख लावून तो झाकून टाकला."

दुसऱ्या दिवशी ती लिहिलेलं पान घेऊन मॅडमकडे गेली. काय झालं ते तिने मला आल्यावर सांगितलं. मॅडमनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"हे पाठवलंस तर चार हजार घरांत काहीच लागणार नाही, कळतंय तुला?"

"हो मॅडम."

"काहीच नसण्यापेक्षा ही डबी बरी नाही का? सहा महिन्यांत दोन माणसं वाचली आपल्या डबीमुळे. ते खोटं आहे?"

"खरं आहे."

"मग?"

"काही नसेल तर शेजारीण खाली उतरून बघते, मॅडम. डबी शांत म्हणाली, म्हणून माझ्या सासूबाई उतरल्या नाहीत."

मॅडमनी पान पुन्हा हातात घेतलं म्हणे. मग म्हणाल्या, "गप्प म्हणजे बरी आहे की गप्प म्हणजे मेली आहे, हा प्रश्न मी पंधरा वर्षांपूर्वी वहीत लिहिला होता. सतत हजेरी घ्यावी तर सेल मरतो, न घ्यावी तर माणूस. तुझी ती युक्ती बघितली तेव्हा मलाच विचारायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या." आणि पानाखाली त्यांनीही सही केली.

त्याने काही गोड झालं नाही. नगरपालिकेने चार हजार घरांचं काम थांबवलं. मॅडमना मिळणारं पुढच्या वर्षाचं अनुदान अडकलं. सुनेला सांगितलं गेलं की महिनाअखेरपर्यंत या, पुढचं कळवू. तिने सगळ्या डब्यांची हजेरी परत चालू केली आणि "शांत" हा शब्द पुसून त्या जागी "हजेरी आली" आणि "हजेरी नाही, जाऊन बघा" असं लिहिलं. आता दिवसाला आठ-दहा वेळा "जाऊन बघा" येतं. त्यातलं एखादंही खरं नसतं, पण प्रत्येक वेळी कोणी तरी जातं आणि वैतागून परत येतं. दोन घरांनी कंटाळून डब्या काढायला लावल्या. त्यातल्या एका घरातली बाई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. सून तिच्याबद्दल बोलत नाही, पण संध्याकाळी घरी यायला तिला पाऊण तास उशीर होतो.

मॅडमनी सही केली त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. काकांच्या पायाखाली उशी ठेवलेली. लेक खुर्चीत बसून कपड्यांची घडी घालत होती. येत्या मंगळवारी त्यांना तिकडच्या वृद्धांच्या घरात न्यायचं ठरलं होतं. सून पलंगाशी उभी राहिली आणि तिने ते पान वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. हजेरी मी बंद केली. शब्द मी लावला. डबी आणि दुभाष्या तुटलेले आम्हाला कळले नाहीत. कोटाचा यात काही संबंध नाही.

लेक उभीच राहिली. "म्हणजे तुमच्यामुळे माझे वडील दीड दिवस जमिनीवर पडून होते?"

"हो."

"आणि हे आत्ता सांगायला आलात?"

"आधी मलाच नीट कळलं नव्हतं. कळल्यावर आले."

"काय उपयोग? याने त्यांचा पाय जुळतो? किडनी बरी होते?"

मी मध्ये पडणार होते, पण थांबले. लेक खरं तेच बोलत होती.

पलंगावरून आवाज आला. "ते कोटाचं पुन्हा वाच गं."

सुनेने वाचलं. कोटाचा यात काही संबंध नाही.

"अजून एकदा."

तिने पुन्हा वाचलं. काकांनी डोळे मिटले. मग लेकीला म्हणाले, "ऐकलंस? मी आठ दिवस आठवतोय, कोट कधी टांगला, का टांगला. सोमवारी रात्री इस्त्री करून टांगला होता, मला लख्ख आठवत होतं. पण तू म्हणालीस कळत नाही, म्हणून मी ते खोटं धरून बसलो."

"बाबा, पण आता एकटे कसे..."

"ते मला ठाऊक नाही. चालता येईल की नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही. तू ने मला. येतो. पण तो फॉर्म आण."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

लेकीने बॅगेतून फॉर्म काढला. काकांना कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून तिनेच तो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी बोटाने ती ओळ शोधली. "हे खोड."

लेकीने पेन काढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते राग की दुसरं काही, ते मला सांगता येणार नाही. "तीन महिने तुमची इथली खोली ठेवते," ती म्हणाली. "तोवर उभे राहिलात तर बघू. नाही तर सोडायची. भांडायचं नाही."

"नाही भांडत. खोड."

तिने गुडघ्यावर कागद ठेवून रेघ मारली. काकांनी मान उचलून पाहिलं.

"तिरकी गेली," ते म्हणाले. "राहू दे. चालेल."